साळोजीच्या गाडीतली खडखड

माणसाला चाक सापडलं, त्याच्या कितीतरी आधी जंगलात मोटारी होत्या. पटत नसेल तर नका मानू, माझं काय जातंय.

तेव्हा मुंगूस मेस्त्रीच्या गॅरेजात साळोजी साळिंदर तिसऱ्यांदा भांडायला आला. "मेस्त्री, गाडी अजून खडखडतेय. जमत नसेल तर पाटी उतरवा." मेस्त्रीनं एकट्यानं चक्कर मारली, तर गाडी गप्प. साळोजी बसला की खडखड सुरू. बाकीची गिऱ्हाइकं कुजबुजली, आणि दोघं तर उठून माकडाच्या गॅरेजकडे निघाली.

मग मेस्त्री साळोजीच्या शेजारी बसला. दोन खड्ड्यांतच त्याला सगळं उमगलं. पण परत येऊन चारचौघांत एवढंच म्हणाला, "चूक माझीच, साळोजीराव. सीट कडक बसवलीय." त्यानं पाठीशी सावरीच्या कापसाची जाड उशी लावली, आणि खडखड थांबली.

साळोजी ऐटीत घरी गेला. बिळात शिरतोय तोच बायको आतून म्हणाली, "आलात? तुमचे काटे वाजले की मी चहा टाकते."

साळोजी जागीच बसला.

सकाळी भरल्या गॅरेजात तो मेस्त्रीच्या पाया पडला. "वाजत होतो मीच. तुम्ही ओळखलंत, पण माझं हसं होऊ दिलं नाहीत." आणि त्यानं आपला एक गळलेला काटा पुढे केला.

त्या काट्यानं मेस्त्री अजून कार्बुरेटर साफ करतो. कुणी भांडत आलं, की काटा कानामागे खोचतो आणि आधी त्याच्या शेजारी जाऊन बसतो.