पाल चुकचुकली, म्हणजे खरं

फार पूर्वी एका कोठीतले उंदीर मानायचे, की बोलताना पाल चुकचुकली म्हणजे ते खरं.

एकदा म्हातारे आबा म्हणाले, “मांजर गावाला गेलीय.” तेवढ्यात पाल चुकचुकली. “खरं, खरं!” म्हणत सगळ्यांनी जमिनीवर टकटक केलं आणि सगळे पिल्लांना घेऊन बिळाबाहेर निघाले.

ठकी उंदरीला मात्र पटेना. “मागेही पाल अशीच चुकचुकली होती. मग आबा, तुमची शेपटी कुणी खाल्ली?”

“तेव्हा मला नीट ऐकू आलं नसेल.”

ठकी बिळाच्या तोंडाशी आडवी झाली. “पालीला मांजरीचं काही म्हणजे काही कळत नाही!”

वर पाल चुकचुकली.

सगळ्यांनी टकटक केलं. “खरं, खरं!”

“मग फिरा मागे!”

आबांनी उरलेली शेपटी खाजवली. “थांब गं,” ते वर बघत म्हणाले, “तिलाच विचारू.”