ठकू शिंपिणीची सवत

फार वर्षांपूर्वी, माझ्या आजेसासूच्या आजेसासूलाही जो काळ ऐकूनच ठाऊक होता त्या काळात, आपल्या या टाकेवंगणात गोंदा नावाचा एक शिंपी राहत होता. ठकू त्याची बायको. पलीकडच्या खोऱ्यातले लोक छाती काढून सांगतात की ठकू त्यांच्या गावची लेक. असेल. पण नांदली ती इथे, भांडली ती इथे, आणि सवत तिला मिळाली तीही इथलीच. त्यांच्या वाट्याला नुसतं माहेरपण आलं, म्हणून त्यांचा जळफळाट होतो.

गोंदा दिवसभर ओटीवर मांडी घालून सुई चालवायचा. उठून उभा राहिला की त्याचे गुडघे इतके वाजायचे की शेजारच्या घरात कळायचं, शिंपी उठला. डोंगर समोरच होता, पण तिकडे जायला त्याला काही कारण नव्हतं. मोळी आणायला माणसं जात, गुरं घेऊन गुराखी जात, हिरडा वेचायला बाया जात. शिंप्याने तिथे जाऊन काय शिवायचं?

मग एके दिवशी पाटलाच्या बोकडाने ओटीवरची नवी बाराबंदी तोंडात धरली आणि तो डोंगराकडे पळत सुटला. गोंदा त्याच्या मागे. पडत, ठेचकाळत, धापा टाकत तो डोंगराच्या पहिल्या सोंडेवर पोचला तोवर बोकडाची अर्धी बाराबंदी खाऊन झाली होती. गोंदाने मारायला हात उचलला आणि सहज मागे वळून पाहिलं. खाली गाव होतं. आपलं घर, आपली ओटी, सगळं एवढंसं. घामेजलेल्या पाठीला गार वारा लागत होता. बोकडाला मारायचं तो विसरून गेला, असं म्हणतात.

चार दिवसांनी तो पुन्हा गेला. या वेळी बोकड नव्हता. पाटलाने विचारलं, "गोंदा, डोंगरावर कशापायी जातोस रं?"

गोंदा म्हणाला, "उगाच."

या एका शब्दाने गावात धुरळा उडाला. देवासाठी चढतो म्हणाला असता तर कोणी काही बोललं नसतं. औषधी मुळीसाठी म्हणाला असता तरी चाललं असतं. पण उगाच? उगाच कोणी मुरमावरून घसरून ढोपरं फोडून घेतं का? उगाच कोणी कुसळं काढत बसतं का? गोंदाला तर धड चढताही येत नव्हतं. सरळ वाट सोडून तो करवंदीच्या जाळीत शिरायचा. हा शेंडा म्हणून हाशहुश करत चढायचा, तर पुढे आणखी चढ उभा. उतरताना वाट सापडेना, म्हणून तो कमरेला चिंध्या खोचून न्यायचा आणि जाताना झुडपांना बांधत जायचा. गुराखी ते बघून पोट धरून हसायचे. गोंदाही त्यांच्याबरोबर हसायचा आणि पुढे चढायचा.

हसली नाही ती ठकू. तिच्या घरात आता एक वेगळाच नवरा नांदत होता. आधीचा गोंदा दोन घास खाऊन उठायचा, हा तिसरी भाकरी मागायचा. आधीचा मुकाट सुई ओढायचा, हा गुणगुणायचा. एकदा तर पागोट्यात सोनकीचं पिवळं फूल खोचून आला. लग्न झाल्यापासून त्याने ठकूला फूल म्हणून आणलं नव्हतं. त्यात तिच्या गोधडीसाठी साठवलेल्या चिंध्या कमी व्हायला लागल्या. तांबड्या खणाच्या होत्या, त्याच नेमक्या.

शेजारची साळू कुंभारीण पाणी भरता भरता म्हणाली, "ठके, वर चोळी शिवून चाललीया कुनाची तरी. तांबडा खण बाईलाच लागतो, डोंगराला न्हाई."

ठकूच्या पोटात जाळ पेटला. तो सरपणाने पेटतो तसला नव्हे, त्याला काहीच लागत नाही. भाकरी थापताना तिला ती वरची बाई दिसायची. नवऱ्याचं अंथरूण घालताना ती दिसायची. ती उंच होती, गोरी होती, आणि हसरी होती. ठकूला रडू यायचं ते नवरा जाईल म्हणून नव्हे, तो तर रोज संध्याकाळी घरी यायचाच. रडू यायचं ते तो हसत यायचा म्हणून. त्याच्या सुखात आपण कुठेच नाही, हे तिला सोसवत नव्हतं.

शेवटी एके दिवशी ठकूने ठरवलं, आज सवतीच्या झिंज्या उपटायच्या. आणि सवतीपुढे जायचं तर काय गबाळं जायचं? तिने लग्नातलं लुगडं काढलं. नथ घातली, पाटल्या घातल्या, पायांत जोडवी चढवली, अंबाड्यावर वेणी माळली आणि हातात लाटणं घेतलं. अशा थाटात ती गोंदाच्या चिंध्या बघत बघत डोंगराला भिडली.

पहिल्या सोंडेवरच तिची वेणी बोरीच्या काट्याने घेतली. मग जोडवी खडकावर सटकायला लागली, ती काढून तिने पदराला बांधली. नथ श्वासाच्या आड यायला लागली, तीही गेली पदरात. पोटऱ्यांत गोळे आले. घशाला कोरड पडली. दर वळणावर तिला वाटायचं, आता आलंच, आणि दर वळणामागे आणखी एक तांबडी चिंधी हलत असायची. दर चिंधीला ती एक शिवी द्यायची. अशी ती शिव्यांवर चढली. तिने त्या दिवशी दिलेल्या शिव्या अजून त्या वाटेवर पडलेल्या आहेत आणि दमलेल्या माणसाच्या तोंडी आपसूक येतात, असं म्हणतात.

माथ्यावर गोंदा एकटाच बसला होता. पाय सोडून, समोर बघत, स्वतःशीच हसत. ठकूने आधी कातळामागे बघितलं, मग झुडपांत बघितलं.

"कुठं हाय ती?"

"कोन?"

"जिच्यापायी तुमी घर सोडून हितं मरायला येता, ती!"

गोंदाने इकडेतिकडे पाहिलं. मग वेड्यासारखा हात फिरवला. पिवळ्या गवतावरून, कड्यावरून, खालच्या खोऱ्यावरून. "ही काय," तो म्हणाला.

ठकू मटकन खाली बसली. बाई असती तर निभावलं असतं. डोंगराच्या झिंज्या कुठून आणायच्या? तिने रागाने मूठभर गवत उपटलं, तेवढंच. गोंदाने आपल्या फडक्यातली अर्धी भाकर आणि कांदा तिच्यापुढे धरला. भूक लागली होती म्हणून तिने खाल्लं. आणि काय सांगू, तिनेच सकाळी थापलेली भाकरी, पण घरी कधी अशी लागली नव्हती. त्यामुळे ठकूचा राग आणखी चढला. ही चव हा इतके दिवस एकटा खात होता!

दुसऱ्या दिवसापासून ठकू रोज त्याच्याबरोबर निघाली. सवतीवर पाळत ठेवायला, असं ती सांगायची. पण हळूहळू तिचे पाय सरावायला लागले. मुरमावर आडवं कसं उतरायचं ते तिला कळलं. श्वास कुठे घ्यायचा, कुठे राखायचा ते कळलं. गोंदा वर्षानुवर्षं मांडी घातलेला माणूस, तो मागे पडायला लागला. एकदा मधल्या खिंडीत दोघांनाही तहान लागली, तेव्हा ठकू कातळावर डाफरली, "पाव्हण्याला पानी तरी विचारावं!" आणि कातळाला पाझर फुटला. ते शिंपिणीचं पाणी अजून वैशाखातही आटत नाही.

आता जळायची पाळी गोंदाची होती. आपण शोधलेला डोंगर, आपण सोसलेली कुसळं, आणि पाणी फुटतं हिच्यासाठी? वारा सुटतो तो हिच्या चढणीला? तो चिडचिडा झाला. एके सकाळी ठकू दळत असताना तो न सांगता निघाला आणि नेहमीची वाट सोडून मागच्या काळ्या कड्याला गेला. तिथे आजवर कोणी गेलं नव्हतं. आणि ठकूला माग लागू नये म्हणून त्याने एकही चिंधी बांधली नाही.

दुपारी धुकं उतरलं. गोंदा आला नाही. ठकू कड्याखाली गेली आणि हाका मारमारून तिचा घसा बसला. समोर नुसतं पांढरं धुकं होतं. तेव्हा तिने पदर खोचला आणि ती डोंगराशीच बोलली.

"ऐक गं भवाने. थोरली मी हाय. माझ्याशी लगीन लागलंय त्याचं. तू त्याला ठेवून घेनार आसशील तर मलाबी ठेवून घ्यावं लागंल. मग रोज सकाळी उठून माझं त्वांड ऐकायचं. जमंल का तुला?"

डोंगराने विचार केला असणार. आणि मग धुकं मधोमध उसवलं, शिवण उसवते तसं, आणि कड्याच्या अंगावर पाय ठेवायला खोबणी दिसायला लागल्या, ज्या आदल्या दिवशी तिथे नव्हत्या, असं म्हणतात. ठकू त्या खोबणींवरून चढली. गोंदा एका कपारीत पाय मोडून पडला होता. तिने लुगड्याचा पदर सोडून त्याची झोळी केली, त्याला लेकरासारखा पाठीशी बांधला आणि खाली आणला. वाटेत दोघं भांडत होती. त्यांचा आवाज गावात आला, तेव्हाच लोकांना कळलं की गोंदा जिवंत आहे.

पाय वाकडा बसला. गोंदाचा डोंगर संपला. ठकूनेही चढणं सोडलं आणि ती घरात राहिली. नवरा आता पुरता तिचा होता. दारात बसून सुई चालवायचा, कुठे जायचा नाही, गुणगुणायचाही नाही. तिसरी भाकरी तर सोडाच, दुसरीही उरायची. जिंकूनही ठकूच्या हाताला काही लागलं नव्हतं.

एक दिवस तोच म्हणाला, "तू जाऊन ये."

"तुमाला सोसंल?"

"न्हाई सोसायचं. जळंल माजं. तरी जा, आन येऊन मला समदं सांग."

ठकू गेली. संध्याकाळी उतरली, तर गोंदा उंबऱ्यात बसला होता. त्याने विचारलं, "कशी व्हती गं?" आणि ठकूने सांगितलं. गवत कुठवर वाळलं, खिंडीत वारा कसा होता, घारीने कुठे घरटं केलंय. सुरुवातीला ती एखादी गोष्ट स्वतःपाशी राखून ठेवायची, आणि गोंदा बरोबर ओळखायचा. "अजून कायतरी हाय. चोरू नगंस." मग भांडण व्हायचं, मग हसू यायचं, मग ती राखलेलं सांगून टाकायची. अशी त्यांची म्हातारपणं गेली. तो तिच्यावर जळायचा आणि तिच्या तोंडून डोंगर चढायचा.

पुढे गोंदा गेला. दिवस-कार्य झाल्यावर ठकू एकदा डोंगरावर जाऊन आली. उतरली तेव्हा उंबरा रिकामा होता. पाणवठ्यावर बाया होत्या, पारावर माणसं होती. तिला येताना सगळ्यांनी बघितलं. कोणी काही विचारलं नाही. दुःखातल्या बाईला काय बोलायचं, असं त्यांना वाटलं असेल. ठकू दारात जरा वेळ उभी राहिली, तिने गावाकडे एकदा पाहिलं आणि ती आली तशी परत वळली. ती पुन्हा उतरली नाही.

सकाळी लोक शोधायला निघाले आणि वेशीवरच थबकले. कालपर्यंत डोंगराला एकच शेंडा होता. आज त्याला खेटून दुसरा उभा होता, बुटका, कमरेवर हात ठेवल्यासारखा. डोंगराचं आधीचं नाव तेव्हापासून कोणाला आठवत नाही. सगळे त्याला सवतीचा डोंगर म्हणतात.

तर अजूनही दर कार्तिकात, गवत पिवळं पडलं की, गावातल्या बाया डोंगर चढतात. देवाला नाही, मोळीला नाही, उगाच. त्या दिवशी चूल पुरुषांनी पेटवायची. वर दोन्ही शेंड्यांची तांबड्या खणाने ओटी भरायची, पण आधी बुटक्या शेंड्याची. तीच थोरली. डोंगर कितीही जुना असो, लग्न तिच्याशी आधी लागलं होतं. एका वर्षी नव्या सुनांनी चुकून मोठ्या शेंड्याची ओटी आधी भरली, तर असं धुकं उतरलं की त्यांना हातातलं ताट दिसेना.

आणि संध्याकाळी बाया उतरल्या की प्रत्येकीच्या नवऱ्याने उंबऱ्यात बसून विचारायचं असतं, "कशी व्हती गं?" जिला विचारायला घरी कोणी नाही, तिला वेशीवर सगळं गाव विचारतं. ती सांगेल तोवर कोणी जागचं हलत नाही.

माझे हे गेले त्या वर्षी मी जाऊच नये असं मनात होतं. तरी गेले. उतरले तेव्हा वेशीवर सगळे उभे होते, पाटलापासून पोराटोरांपर्यंत, आणि सगळ्यांनी एका आवाजात विचारलं. मग मी सुरू केलं आणि दिवे लागले तरी थांबले नाही. शेजारची भामा आपल्या नवऱ्याला सांगायला घाईघाईने घरी चालली होती. तीही तिथेच उभी राहिली. त्याला सांगायला तिच्याकडे एक डोंगर होता, आणि ऐकायला एकच माणूस. माझ्यापुढे सगळं गाव होतं. माझ्याकडे बघताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं.