गुत्त्यापाशी थांबणारा मानाचा बैल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांना बारा महिने पाणी असायचं आणि माणसांकडं बारा महिने निमित्तं असायची. नद्या आटल्या. निमित्तांचं अजून बरं चाललंय.

तेव्हा एका गावात येसबा नावाचा मानकरी राहायचा. मानकरी कशाचा, तर पोळ्याचा. पोळ्याला वेशीवरच्या तोरणाखालून पहिला बैल जायचा तो येसबाच्या घरचा. हा मान त्याच्या पणज्यापासून चालत आलेला. मानाचा बैल पुढं गेल्याशिवाय मागच्या कुणाच्याही बैलानं पाऊल टाकायचं नाही, असा गावचा दंडक. येसबाचा बैल होताही तसाच. कवड्या त्याचं नाव. पांढराशुभ्र, वशिंड देवळाच्या कळसासारखं, आणि स्वभावानं इतका गरीब, की शिंगावर कावळा बसला तरी मान हलवायचा नाही. पाहुण्याला त्रास नको म्हणून.

येसबाही माणूस वाईट नव्हता. हे नीट ऐकून ठेवा, कारण पिणारा म्हटला की लोक लगेच राक्षस रंगवतात. त्याची नांगरट सरळ, हात सढळ, जीभ गोड. पण दिवस कलला की घसा कोरडा पडायचा, आणि शेतावरून घरी निघालेली गाडी वाटेत दारूच्या गुत्त्यापाशी थांबायची. रोज.

"बैलाला जरा दम खाऊ दे," येसबा म्हणायचा.

बैल बाहेर दम खायचा, येसबा आत. बैलाचा लगेच खाऊन व्हायचा. येसबाचा दिवेलागण झाली तरी उरकायचा नाही.

सकाळी कुणी समजवायला गेलं, की म्हणायचा, "मनात आणलं तर आज सोडीन. पण आज बाजार आहे." उद्या अमावास्या असायची. परवा मेव्हणा यायचा.

त्याची बायको ठकू. लोकांपुढं झाकायचं काम तिच्याकडं. नवरा पंचांच्या बैठकीला गेला नाही, तर "त्यांना वारं लागलंय." शेणात पडला, तर "त्यांची नजर अधू झालीय." एकदा तर तो भर दुपारी दुसऱ्याच्याच ओसरीवर जाऊन घोरत पडला. तेव्हा ठकू म्हणाली, "त्यांचा शेजाऱ्यांवर फार जीव." गाव हसलं. ठकू घरी जाऊन चुलीपुढं बसली आणि बराच वेळ नुसतीच राख सारत राहिली.

असं चाललं असताना पोळा आला. कवड्याला नदीवर धुतला, शिंगं रंगवली, पाठीवर झूल घातली. वाजतगाजत सगळं गाव वेशीकडं निघालं. आता नदीवरून वेशीकडं जायची वाट होती गुत्त्यावरून. कवड्या गुत्त्याच्या दारात आला आणि उभा राहिला.

येसबानं कासरा ओढला. बैल हलेना. गोंजारलं, गूळ दाखवला. बैलानं गूळ खाल्ला आणि तिथंच उभा राहिला.

बैलाला मारावं, तर पोळ्याच्या दिवशी चाबूक दाखवणंही पाप. त्याला ओलांडून पुढं जावं, तर दंडक आडवा. त्यामुळं मागं सगळ्या गावचे बैल दाटीवाटीनं अडकले. एकानं दुसऱ्याच्या शिंगांची फुलं खाऊन टाकली. हलगीवाल्यांचे हात भरून आले. वेशीपाशी आरत्या घेतलेल्या बाया ताटकळल्या, आणि घरोघरी पुरणपोळ्या गार व्हायला लागल्या. पुरणपोळी गार व्हायला लागली की गावाचं डोकं तापतं.

तेवढ्यात रोजच्या सवयीनं गुत्तेवाला चंबू घेऊन दारात आला. म्हणाला, "आज उशीर केलात, मानकरी."

हलगी थांबली.

गर्दीतली एक म्हातारी पुढं झाली. "त्याला कशाला ओढताय? मालक आत जाऊन आल्याशिवाय निघायचं नाही, हे शिकलाय तो. येसबा, जा बाबा आत. पोळ्या गार होतायत."

काय करता? साऱ्या गावादेखत मानकरी गुत्त्यात गेला. आता आलोच आहे तर, म्हणून दोन घोट घेतले आणि तोंड पुसत बाहेर आला. कवड्यानं त्याचं तोंड हुंगलं. वास ओळखीचा निघाला, आणि मानाचा बैल झुलत झुलत चालू लागला.

संध्याकाळी पंच बसले. पाटील म्हणाले, "येसबा, पुढल्या पोळ्याला बैल तिथं थांबला आणि तू आत गेलास, तर मान दुसऱ्या घरी जाईल. तुझ्या पणज्याच्या नावाखातर एक वर्ष देतोय."

घरी येऊन येसबानं डोक्याचं मुंडासं आपटलं. "बैलानं घराची अब्रू घालवली. त्याला गुत्त्याचं व्यसन लागलंय."

ठकूनं त्याच्याकडं पाहिलं, मग बैलाकडं पाहिलं. "लागलंय खरं. मग औषध करा त्याचं. डोंगरापलीकडं राहीआजी आहे, ती व्यसनं सोडवते. आणि ऐका. आजपासून लोकांनी विचारलं तर मी खरं ते सांगणार. माझ्याजवळची कारणं संपली."

दुसऱ्या दिवशी येसबानं गाडी जुंपली.

राहीआजी अंगणात पाला वाटत होती. "आजारी कोण?"

"बैल."

आजीनं बैलाची जीभ पाहिली, पापणी उलटून पाहिली. चेहऱ्यावर हसू येऊ दिलं नाही. "सकाळी हात थरथरतात?"

"फार. पाण्याचा तांब्या धरवत नाही," येसबा म्हणाला. मग बैलाच्या पायांकडं पाहून म्हणाला, "म्हणजे खूर."

"उद्या सोडतो म्हणतो?"

"रोज."

"मडकं लपवून ठेवतो?"

"कडब्याच्या गंजीत. डाव्या अंगाला."

"हुशार आहे. आणि प्याल्यावर रडतो?"

येसबानं बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला. "बायको झोपल्यावर," तो म्हणाला.

आजीनं मान हलवली. "दुखणं जुनं आहे, पण बरं होणारं आहे. बैल इथं ठेवावा लागेल. मालकाशिवाय त्याला करमायचं नाही, म्हणून तूही राहा. काढा कडू आहे. आधी तू प्यायचास, म्हणजे त्याला धीर येईल."

येसबा तयार झाला. बैलासाठी माणूस एवढं करतोच.

अंगणात आणखी मंडळी होती. एक थोराड पैलवान मांडीवर कोंबडी घेऊन बसला होता. "हिला अफूची चटक लागलीय," तो हळूच म्हणाला. शेजारी एक बाई शेळी धरून. "मशेरी लावल्याशिवाय हिची सकाळ होत नाही हो." शेळीचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे होते. बाईचे मात्र काळेभोर. राहीआजीच्या अंगणात होती तेवढी निर्व्यसनी जनावरं त्या मुलखात दुसरीकडं कुठंही नव्हती.

पहिले दिवस वाईट गेले. येसबाच्या अंगाला कापरं सुटलं, घामानं घोंगडी भिजली, नसलेल्या मुंग्या भिंतीवर दिसू लागल्या. आजी उशाशी बसून राहिली. पैलवानानं कोंबडी बाजूला ठेवून त्याचे पाय दाबले. "हे घरी एकट्यानं करायचं काम नव्हे," आजी म्हणाली. "जिवावर बेततं. म्हणून तर इथं बोलावते."

कापरं ओसरलं, भूक लागायला लागली, आणि येसबाच्या अंगात फुशारकी आली. "बैल बरा झाला," असं जाहीर करून, आजी पाला आणायला गेल्याची संधी साधून त्यानं गाडी हाणली. गाडी नीट गुत्त्यापाशी येऊन थांबली. येसबानं विचार केला, आपण सोडल्याचं गुत्तेवाल्याला सांगून तरी येऊ. आत गेला. सांगता सांगता मडकं रिकामं झालं.

सकाळी डोळे उघडले ते गुत्त्याबाहेरच्या धुळीत. कवड्या शेजारी उभा होता, उपाशी, गाडीचं जू अजून मानेवर. ठकूपुढं जायला तोंड नव्हतं. आजीपुढं जायलाही नव्हतं. पण घरापेक्षा डोंगर चढणं सोपं वाटलं, म्हणून तो परत गेला.

आजी डाळ निवडत होती. "बैल पुन्हा घसरला का?"

येसबानं खाली पाहिलं. "बैल कोरा आहे, आजी. त्यानं जन्मात थेंब घेतला नाही. पितो मी."

मग पैलवानानं मांडीवरची कोंबडी उचलून खाली सोडली. "हीपण कोरीच आहे," तो म्हणाला. बाईनं शेळीचं दावं सोडलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

"सापडला एकदाचा रोगी," आजी म्हणाली. "आणि घसरलास तर घसरलास. घडा फुटला म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. हातपाय धू, जेव, काढा घे. आणि गावी गेल्यावरही गुत्त्याची वाट सोड. लांब पडलं तरी ओढ्याकाठानं जा. जीव तळमळला की इथं ये."

इकडं गावात बाया ठकूला विचारायच्या, "मानकरी दिसत नाहीत?"

"दारू सोडायला गेलेत," ठकू खणखणीत सांगायची. ती असं सांगायला लागली, आणि गावाला कुजबुजायला काही उरलंच नाही.

येसबा परतला. ओढ्याकाठानं जाऊ-येऊ लागला. मधूनमधून तळमळायचा आणि डोंगर चढून आजीकडं जाऊन बसायचा. कधी पैलवान त्याच्याकडं येऊन बसायचा. असं होता होता पोळा आला. आणि पोळ्याची वाट काही ओढ्याकाठानं जात नव्हती.

कवड्या सजला, निघाला, आणि गुत्त्याच्या दारात येऊन थांबला. बैलच तो. त्यानं काढा थोडाच घेतला होता?

हलगी थांबली. पंच पाहू लागले. वेशीपाशी आरतीचं ताट धरलेली ठकू टाचा उंचावून बघू लागली.

गुत्तेवाला चंबू घेऊन दारात आला. "या मानकरी. बैल खोळंबलाय तुमच्यासाठी."

येसबाचा घसा कोरडा पडला. खोटं कशाला सांगायचं, पडलाच. पाय क्षणभर दाराकडं वळलाही. कवड्यानं मान वळवून त्याचं तोंड हुंगलं. कडू पाल्याचा वास आला.

"ही सवय बैलाला मीच लावली," येसबा म्हणाला. "माझी सुटली. त्याची सुटेल. मी निघालो."

त्यानं कासरा बैलाच्या पाठीवर टाकला आणि एकटाच चालू लागला. त्या दारातून आत जाणारी मालकाची पाठ कवड्यानं रोज पाहिली होती. दार मागं टाकून पुढं जाणारी कधीच पाहिली नव्हती. तो बघत राहिला. गावही बघत राहिलं. येसबा मागं वळला नाही.

मग घुंगरं वाजली. कवड्या धावतच निघाला, आणि तोरणाखाली मालकाला गाठून त्याच्या खांद्याला खांदा लावूनच आत गेला. गर्दीत पैलवान उभा होता, कोंबडीवाचून, आणि लहान पोरासारखा डोळे पुसत होता. त्या दिवशी गावानं पुरणपोळ्या गरम खाल्ल्या.

मान येसबाच्या घरीच राहिला. पोळ्यानंतर गावातले तिघंजण गुपचूप डोंगराकडं निघाले. त्यातल्या एकानं बगलेत मांजर घेतलं होतं. येसबानं त्याला वेशीवर गाठलं आणि मांजर काढून घेतलं.

"हे राहू दे माझ्याकडं," तो म्हणाला. "एकटाच जा. वेळ वाचेल."

म्हणून सांगणं एवढंच: व्यसन हे दुखणं आहे, ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधून बरं होत नाही, आपलं म्हणून वैद्यापुढं मांडलं की निम्मी वाट तिथंच सरते.