पोटलीच्या गळ्यातली साल

त्या राज्यात हवं ते सगळं डोंगरावरच्या कोठारातून येत असे. काय आलं आहे ते मात्र पोटलीवर कुठेच लिहिलेलं नसे. कोठाराचा कारभारी होता धनेश पक्षी. मागणी आली की तो वस्तू निवडून काढी, सारख्याच पानांत सारखीच बांधी आणि बगळ्याबरोबर दरीत धाडी. पोटली ताकास तूर लागू देत नसे. दरीच्या वेशीवर चिचुंद्री बसे. ती हुंगायची आणि सांगायची, हे बी, हे फळ, हा रिठा. तिचा शब्द अखेरचा. बहुतेक वेळा ती बरोबरही असे, आणि घोळ तिथेच होता.

दरीतल्या काटेरी साळूच्या पिल्लाला ताप आला. तिने कोठाराकडे औषध मागितलं. पोटली आली, चिचुंद्रीने हुंगली आणि म्हणाली, "सुरण." सोबत गाठींची दोरी होती, कारण त्या राज्यात निरोप गाठी मारून लिहीत. पण साळूला दोरीचा काही अर्थच लागेना. "डोंगरावरच्यांचं डोकं फिरलंय," शेजारी हसले. साळूने नाइलाजाने चिंच घालून ते शिजवलं. पिल्लाचा ताप चढतच गेला.

शेवटी ती डोंगर चढून गेली.

"धनेशबुवा, औषध मागितलं तर तुम्ही सुरण धाडलंत."

"औषधाचं मूळच होतं ते," धनेश रागावला. "सुरणाच्या ढिगाला लागून ठेवलं होतं, म्हणून वास आला असेल. शिजवू नका, उगाळून चाटवा, असं दोरीत लिहिलंसुद्धा होतं." आणि त्याने गाठी कशा मारल्या ते दाखवलं, दोरीच्या बारीक टोकाकडून. साळू बघतच राहिली. दरीत सगळे जाड टोकाकडून वाचत.

मूळ आता एकच उरलं होतं आणि तेही वाळायचं होतं. थांबावं तर पिल्लू घरी एकटं, म्हणून ते वाळल्यावर बगळ्याबरोबरच येणार होतं.

"आमचा माल अस्सल असतो, बाई. तो स्वतः बोलतो," धनेश म्हणाला.

"माझ्या दारात तो मुका होता," साळू म्हणाली आणि तिला रडू आलं. "पोटलीवर त्याच मुळाची साल बांधा. आणि जिथून वाचायचं त्या टोकाला तांबडा धागा. एवढं कराल?"

धनेश पाठ फिरवून कोठारात गेला. परतताना साळूने वेशीवर चिचुंद्रीलाही सगळं सांगितलं. तिने नाक मुरडलं.

मग बगळा आला. चिचुंद्रीने सवयीने नाक वर केलं. वास पुन्हा सुरणाचाच होता. ती बोलणार, तेवढ्यात पोटलीच्या गळ्यातली तपकिरी साल तिला दिसली. साळूचं बोलणं तिला आठवलं. मग सुरणाचं नाव न घेता तिने पोटली तोंडात धरली आणि स्वतः साळूच्या दारी नेली.

साळूने तांबड्या टोकापासून पंजा फिरवला. शिजवू नका. उगाळा. चाटवा. गाठी सरळ वाचता येत होत्या.

पिल्लाने तोंड वाकडं केलं, पण चाटलं. उन्हं उतरायच्या आत त्याला घाम फुटला आणि त्याने खायला मागितलं. साळूने सुरण सोडून काहीही करायची तयारी दाखवली.

हल्ली वेशीवरून पोटल्या जातात, कुणाच्या गळ्यात शेंग, कुणाच्या गळ्यात साल, आणि आतल्या प्रत्येक दोरीला तांबडं टोक. चिचुंद्री अजूनही तिथेच असते. नाक पंजात खुपसून ती गाढ झोपलेली असते.