गाठोड्यापुढचा दरबार

पूर्वी नीलावती नगरात भद्रंकर नावाचा राजा राज्य करी, म्हणजे घरी असला तर करी. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या दरबारी न्याय पाहणारे अमात्य होऊन जन्मास आले होते.

राजाला दौऱ्यांचा भारी सोस. आपल्याच मुलखात निघाला तर वाटेवरच्या गावांनी आठ-आठ दिवस शेती सोडून रस्ते झाडायचे, भिंती सारवायच्या, आणि याने पालखीचा पडदाही न उघडता पुढे जायचे. परमुलखात निघाला तर नगराने कमानी बांधायच्या. परत आला की पुन्हा कमानी. राज्य कधी करणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

एका वर्षी पूर्वेकडच्या राजाचे बोलावणे आले. ज्योतिष्याने मुहूर्त काढला. पण दोन राजे समोरासमोर आले की हत्तीवरून आधी कोणी उतरायचे, हे काही ठरेना. दूत जात होते, येत होते. मुहूर्त तर टळू द्यायचा नव्हता. मग राजाने प्रस्थान ठेवले. ठरल्या वेळी निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, की माणूस निघाल्यात जमा, असा तो रिवाज. साधी माणसे फडक्यात सुपारी बांधून ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत खरोखर निघतात. राजाचे मात्र शेल्यात बांधलेले हे एवढे गाठोडे निघाले, पुढे नगारे, मागे शिंगे.

पूर्व वेशीबाहेरचे पहिले घर सामा कुंभारणीचे. तिला कोणी विचारले नाही. मिरवणूक अंगणातून सरळ आत शिरली, पुरोहिताने गाठोडे चौरंगावर टेकवले, आणि नेमके त्याच घडीला तिचे गाढव ओरडले. थोडेथोडके नाही, चांगले पोटभर ओरडले. अपशकुन झाला! पण मुहूर्ताला ठेवलेले गाठोडे उचलता येईना. मग गाढवाच्या मालकाला उचलले. सामाचा नवरा नंदक चिखलाच्या हातांनीच बंदिखान्यात गेला.

"महाराज दौऱ्यावरून परतले की निवाडा होईल," शिपाई म्हणाला.

"पण ते गेलेत कुठं अजून?" सामाने विचारले.

शिपायाने चौरंगाकडे बोट दाखवले.

महिना गेला. गाठोडे घरात आणि घरधनी बंदिखान्यात. गाठोड्याला धूर लागेल म्हणून मडकी भाजायचा आवा पेटवायचा नाही. कच्ची मडकी तशीच रांगेत पडलेली. दोन पहारेकरी ओट्यावर बसून हिच्याच भाकऱ्या खायचे आणि 'महाराजांसमोर हळू बोल' म्हणून वर हिलाच दटावायचे. एवढे सगळे तिने सोसले असते. पण नंदकाची छाती आधीच आव्याच्या धुराने खाल्लेली, त्यात तळघरातली ओल. ती भेटायला गेली तेव्हा त्याने खोकून फडके मुठीत लपवले. तिने मूठ उघडून पाहिली. फडके लाल झाले होते.

"याला लवकर उन्हात काढा," राखणदार हळूच म्हणाला. "पंधरा दिवस काही हा काढत नाही."

सामा तशीच राजवाड्यावर गेली. दाराशी दौऱ्याचा कारभारी उभा होता.

"महाराज दौऱ्यावर आहेत," तो म्हणाला.

"मग वर सज्जात बसून डाळिंब कोण खातंय?"

कारभाऱ्याने वर पाहिले नाही. "महाराजच आहेत ते. पण दौऱ्यावर आहेत."

"दौऱ्यावर असून डाळिंब इथं खातात?"

"बाई, गाठोडं निघालं म्हणजे महाराज निघाले. दरबार बंद. परत आले की ये."

"परत कुठनं येणार? जिना उतरून?"

"हत्तीचं ठरलं की निघतील आणि येतील."

"दोघांनी एकदम उतरावं म्हणावं, आणि मिटवा!"

"ते सुचवलं होतं," कारभारी थकून म्हणाला. "पण मग 'आता उतरा' असं कोणत्या बाजूनं म्हणायचं, यावर अडलंय."

सामाने कपाळावर हात मारून घेतला आणि अमात्यांचे घर गाठले. बोधिसत्त्वांना हे सोंग पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. या दौऱ्यात हत्तीवर राजाच्या शेजारची जागा त्यांना मिळायची होती. तो मान सात पिढ्यांत कोणाला मिळाला नव्हता. म्हणून तेही गप्प होते.

"महाराज दौऱ्यावर आहेत, असं तुम्हीपण म्हणणार असाल तर आत्ताच म्हणून टाका," सामा उंबऱ्यातूनच कडाडली. "बस म्हणू नका, पाणी देऊ नका. तिकडं माझा माणूस चाललाय."

बोधिसत्त्वांनी मान खाली घातली. "महिनाभर मीही गप्प राहून तेच म्हणत होतो, बाई. चुकलो." मग म्हणाले, "राजाचा मुक्काम जिथे, दरबार तिथे, हा जुना नेम आहे. तो कोणी मोडलेला नाही. उद्या सकाळी तुझ्या घरी दरबार भरेल."

"माझ्याकडं तर नुसतं गाठोडं आहे."

"सगळं नगर त्यालाच महाराज म्हणतं आहे. मग फिर्यादही तिथेच होऊ दे."

सकाळी अंगणात ही गर्दी लोटली. बोधिसत्त्व गाठोड्यासमोर जमिनीवर बसले. सामाने फिर्याद सांगितली: गाढव ओरडले, नवरा आत गेला, आता तो मरायला टेकला आहे. बोधिसत्त्वांनी विचारले, "नंदकाला सोडण्यास महाराजांची हरकत असेल तर बोलावं." गाठोडे बोलले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. गाठोडे गप्पच. "हरकत नाही, असं आम्ही धरतो," असे म्हणून त्यांनी आज्ञेवर मुद्रा उमटवली आणि शिपाई बंदिखान्याकडे धावले.

तेवढ्यात पालखी आली. राजा लालबुंद होऊन उतरला. "कोणी भरवला हा दरबार?"

कारभारी मागून पळत आला. "महाराज, बोलू नका! आपण इथे नाही!"

लोक हसू दाबून उभे राहिले. बोधिसत्त्व उठले. "महाराज, दरबार मी भरवला. लोकांच्या तोंडचं खोटं घेऊनच मी दार उघडलं, कारण खऱ्यानं ते उघडत नव्हतं. आता आपण आला आहात, तेव्हा खरं तेच बोलतो. हे गाठोडं आहे. राजा आपण आहात. हे चुकत असेल तर नंदकाला पुन्हा आत पाठवा आणि सोबत मलाही."

नंदकाला दोघांनी धरून आणले होते. तो उन्हाला डोळे मिचकावत होता. राजाने विचारले, "याचा गुन्हा काय?" कारभारी पुटपुटला. "मोठ्यानं सांगा की!" सामा म्हणाली. "यांचं गाढव ओरडलं," कारभारी म्हणाला. ते वाक्य भर अंगणात तसेच उघडे पडून राहिले.

राजाने नंदकाकडे पाहिले. मग म्हणाला, "मी इथेच आहे. याला घरी जाऊ द्या."

"तो घरीच आहे," सामा म्हणाली. नवऱ्याला तिने भिंतीला टेकून बसवले आणि पाण्याला धावली.

पण आपले हसे केले म्हणून राजाने अमात्यांकडून मुद्रा काढून घेतली. बोधिसत्त्वांनी ती दोन्ही हातांनी दिली आणि घरदार सोडून, प्रव्रज्या घेऊन ते रानात गेले. राजाही वळला, तर पालखीपर्यंत फिर्यादींची रांग उभी, कोणी दोन वर्षे, कोणी पाच वर्षे खोळंबलेला. वाट कोणी देईना.

"उभे का?" सामाने पाट सरकवला. "बसा."

राजा बसला.

ही कथा शास्ता भगवंतांनी जेतवन विहारात सांगितली. पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर 'हा निघालोच' म्हणून भिक्षापात्र आणि चीवर-वस्त्र दाराशी ठेवून महिनाभर विहारातच बसून राहिलेला एक भिक्षू होता, त्याच्यावरून. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा तो राजा म्हणजे हाच भिक्षू. दौऱ्याचा कारभारी म्हणजे 'ते चारिकेला, गावोगाव फिरायला गेलेत' असे सर्वांना सांगणारा याचा सोबती. नंदक म्हणजे माझा शिष्य आनंद. कुंभारीण म्हणजे भिक्षेला उशीर झाला की तुम्हाला दटावणारी ती उपासिका. आणि तो अमात्य मी होतो. महिनाभर गप्प राहिलो, तो माझा दोष. नंतर हत्तीवरचा मान सोडून खरे बोललो, ती सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."