सुईणआजीची बडबड

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारी सुईण होती. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेलं, म्हणून सगळे तिला सुईणआजी म्हणत. बाळंतिणीच्या खोलीत काय होतं, कळा देताना बाई काय काय बोलून जाते, हे बाहेर बसलेल्या पुरुषांना कधी कळत नाही. सुईणीला कळतं. आजीनं ते सगळं जन्मभर पोटात ठेवलं, कधी कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

पण म्हातारपण कुणाचं ऐकत नाही. आजी खाटेला खिळली आणि तिचं भान सुटलं. ती दिवसभर जुन्या बाळंतिणींशी बोलायला लागली. "जोर कर गं," म्हणायची, "रडू नको," म्हणायची, आणि मध्येच नको ते बोलायची.

तिचं करायला गावानं कोंडाबाईला ठेवलं. कोंडाबाई म्हणजे तोंडानं फटकळ. तिला बघून पोरं गल्ली बदलायची. पण हात असा हलका, की आजीच्या पाठीला तिनं एक जखम म्हणून होऊ दिली नाही. वेळच्या वेळी कूस बदलायची, कोमट पाण्यानं अंग पुसायची, आणि पुसतानाही जेवढा हात पुसायचा तेवढाच उघडा करायची, बाकीचं अंग चादरीखाली. पेज भरवताना मात्र ओरडायची, "गिळ गं माझे आई, मला दुसरी कामं नाहीत का?" आजी खुदकन हसायची आणि गिळायची.

गावाची रीत अशी होती, की या दोघींची भाकरी पाळीपाळीनं एकेका घरानं आणायची. भाकरी आणणारी बाई उंबऱ्याशी टेकायची. टेकली की बूड हलायचं नाही, कारण आत आजी बोलत असायची.

कोंडाबाईच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिनं जातं ओढत ओढत खाटेपाशी आणलं. आजीचं तोंड सुरू झालं की ही जात्यावर बसायची, घरघर दळायची आणि वर मोठ्यानं ओव्या म्हणायची. आवाज असा, की म्हशीनं दावं तोडावं. दाणे संपले तर तेच पीठ पुन्हा दळायची.

"कोंडाक्का, भर दुपारी कसलं गं दळण?" बाया विचारायच्या.

"तुझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं! भाकरी ठेव आणि चालू लाग."

बाया तोंड वाकडं करून जायच्या. आजी आपली बोलत राहायची आणि जातं ते सगळं गिळत राहायचं.

एकदा आजीनं कोंडाबाईचा हात घट्ट धरला. तिला कुणी दुसरीच समजून म्हणाली, "घे गं धाकटे, पदराखाली घे हिला. तुझं पोर गेलं, हिची आई गेली. वाटसरू होती बिचारी, तिचं कुणी मागं नाही. आता ही तुझीच. कुंभार परत आला की सांग, मुलगी झाली. तुझ्या थोरल्या जावेला तर मरेपर्यंत कळू देऊ नकोस."

कोंडाबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. गावात कुंभारांचं घर एकच. धाकटा कुंभार मागंच वारला होता. त्याच्या वाट्याचं अर्धं घर आणि अर्धी भट्टी त्याच्या एकुलत्या एका मुलीची, आणि त्या आधारावर मायलेकी तिथं टिकून होत्या. थोरली जाऊ टपलेलीच होती. पोर कुंभाराच्या रक्ताची नाही एवढं तिला कळलं असतं, तर दोघींचं गाठोडं रस्त्यावर यायला वेळ लागला नसता.

कोंडाबाई कुणाला एक अक्षर बोलली नाही. पण चूक व्हायची ती झालीच.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ती मुलगी दिसली. आईच्या मागं आपली छोटी घागर सावरत येत होती. कोंडाबाईला राहवलं नाही. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, कनवटीचा गुळाचा खडा काढून तिच्या मुठीत दिला आणि पदरानं डोळे पुसले.

सगळ्या पाणवठ्यानं माना वळवल्या. कोंडाबाई, आणि गूळ? धाकटीनं ते बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीनं एकदा गुळाकडे बघितलं, एकदा धाकटीकडे.

घरी येताना कोंडाबाईनं स्वतःला अशा शिव्या घातल्या की काय सांगावं. "तोंडाला कुलूप घातलंस भवाने, आणि डोळ्यांना कोण घालणार? हाताला कोण घालणार? तुझी कीव त्या पोरीच्या गळ्याशी आली ना!"

मग तिनं ढेप फोडली आणि गावातल्या झाडून सगळ्या पोरांना धरधरून गूळ वाटला. "ये रे शेंबड्या, धर! पळतोस कुठं? खा म्हणते ना!" अर्धी पोरं रडत घरी गेली. आया भांडायला आल्या. "कोंडे, पोरांना काय चारतेस?"

"गूळ चारते, वीख नाही! आजीसाठी वाटते. तुला हवा तर तूही घे."

गाव हसलं आणि विसरून गेलं. थोरली मात्र विसरली नाही.

तिच्या घराची पाळी आली तेव्हा भाकरीऐवजी पुरणपोळी आली, वर तुपाची वाटी. थोरली उंबऱ्याशी न बसता थेट आत येऊन बसली.

"कोंडाक्का, आपण बाया-बाया. एक विचारू?"

"विचार."

"म्हातारी आमच्या घराचं काही बोलते का गं?"

"म्हातारी बोलते. मी दळते."

"बरं, राहू दे. एवढंच म्हण, की आमच्या धाकटीच्या पोरीबद्दल ती काही बोलली नाही. नुसतं 'नाही' म्हण, मी उठले."

आता बघा, केवढं सोपं होतं. एक शब्द. तो टाकला की थोरली गेली, पोर वाचली, वर पुरणपोळी. शब्द कोंडाबाईच्या ओठावर आला होता.

पण तिच्या मनात आलं, आज हिला 'नाही' म्हटलं की उद्या दुसरी विचारायला येईल, परवा तिसरी. सगळ्यांना मी 'नाही' म्हणत बसेन. मग एखाद दिवशी कुणाच्या तरी नावाला माझी जीभ अडखळेल, आणि त्या घराचं वाटोळं माझ्या त्या अडखळण्यानं होईल. मुळात एकाला उत्तर दिलं, की आजीचं तोंड म्हणजे गावाची चावडी झाली.

"हो पण नाही आणि नाही पण नाही," ती म्हणाली. "कुणाच्याच घराचं नाही सांगायची. पोळी उचल."

थोरली ताडकन उठली. "भाकरी आमची खातेस आणि तोंड आम्हालाच? बघतेच मी. माझी बहीण येऊन बसेल इथं. ती काय मुकी नाही."

दुसऱ्याच दिवशी गाव पारावर जमलं. धाकटी एका बाजूला मुलीला पोटाशी धरून बसली होती. कोंडाबाईनं तिच्याकडे एकदाही मान वळवली नाही. तेवढं ती शिकली होती.

पाटील म्हणाला, "कोंडाबाई, आजी गावाची, भाकरी गावाची. ती काय बोलते ते गावाला कळायला काय हरकत आहे?"

"पाटील, भाकरी आहे ती आजीचं अंग पुसायची. तिचं पोट फोडून दाखवायची नाही," कोंडाबाई म्हणाली. "ती शुद्धीत होती तेव्हा तुमच्यातल्या एकाची तरी तिला विचारायची छाती झाली का? आता भान सुटलंय म्हणून आलात. झोपलेल्या माणसाच्या कनवटीला हात घालणाऱ्याला तुम्ही काय म्हणता, सांगा बरं?"

थोरली ओरडली, "सांगणार नसेल तर काढा तिला! माझी बहीण आजपासून बसते."

पाटलानं कोंडाबाईकडे बघितलं. ही जागा सोडणं तिच्या जिवावर आलं होतं. भाकरीचं एवढं नव्हतं. आजीला दुसऱ्या कुणाच्या हातून पेज जायची नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "बसवा. फक्त तिला डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नका, तो खांदा दुखतो तिचा. पेज कोमट द्या. आणि ती गिळेना झाली तर ओरडा तिच्यावर, प्रेमानं. मग गिळते." एवढं बोलून तिनं पदर खोचला आणि ती चालायला लागली.

आणि मग पारावर एक गंमत झाली. थोरलीची बहीण आजीच्या उशाशी बसलीय, असं चित्र ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढं आलं. बायांनी एकमेकींकडे बघितलं. पाटलाची म्हातारी आई काठी आपटत उभी राहिली.

"कोंडे, थांब! कुठं निघालीस?" ती म्हणाली. "अरे पाटला, तुझ्या वेळेला कळा देताना मी तुझ्या आजीला काय काय बोलले, ते फक्त सुईणीला ठाऊक. तुझ्या बापाला पण नाही. ते त्या जात्यातच दळलं जाऊ दे. मला नको थोरलीची बहीण."

"मला पण नको," दुसरी म्हणाली. "आमच्या घरालाही नको," मागून कुणी पुरुष म्हणाला आणि लाजून खाली बसला. हसू पिकलं. पाटलानं घसा खाकरला. "कोंडाबाई राहतील," म्हणाला, आणि घाईघाईनं उठला.

पुढं धाकटीची पाळी आली. भाकरी घेऊन ती दारात उभी राहिली. पाया पडायलाच ती वाकणार होती. कोंडाबाईनं टोपली ओढून घेतली.

"ही काय भाकरी आहे? एका बाजूनं करपवलीस की गं. लक्ष कुठं असतं तुम्हा पोरींचं?"

गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईला जशी बोलली असती, तशीच बोलली. धाकटी रडता रडता हसली. किती दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला. आजी त्या वर्षीच्या थंडीत गेली, कोंडाबाईच्या मांडीवर, तोंडात पेजेचा शेवटचा घोट घेऊन.

पुष्कळ वर्षं गेली. थोरली अंथरुणाला लागली. दुखणं असं, की कपड्यांत व्हायला लागलं. सुनांना हात लावू देईना, वैद्याला आत येऊ देईना. शेवटी भिंतीकडे तोंड करून मुलाला म्हणाली, "कोंडाबाईला बोलाव. दुसरी कुणी नको."

कोंडाबाई आली. दार लोटून घेतलं, पाणी कोमट केलं आणि चादरीखालून एकेक हात, एकेक पाय पुसायला घेतला.

थोडा वेळ गेल्यावर थोरली हळूच म्हणाली, "कोंडे, आता तरी सांग. मी काय भट्टी मागायला उठणार आहे? त्या पोरीचं काय होतं गं?"

कोंडाबाईनं फडकं पिळलं. "कूस बदल," ती म्हणाली.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"बरं झालं नाही सांगितलंस," ती म्हणाली. "सांगितलं असतंस, तर तुझ्यापुढं मला हे अंग उघडं करता आलं नसतं."

आणि तिनं कूस बदलली.

तात्पर्य: दुखणाइताचं अंग जसं झाकून पुसायचं, तसंच त्याच्या घरातलं ऐकलेलं-पाहिलेलंही झाकूनच ठेवायचं, आणि ते नुसत्या तोंडानं झाकून भागत नाही, डोळ्यांनी आणि हातांनीही झाकावं लागतं.