मण्याची आतली कड

एकदा एका वृद्ध मणीकाराकडे एक शिष्य काचेचे मणी घडवायला शिकत होता. वितळलेली काच लोखंडी सळईवर गुंडाळायची, मणी राखेत निववायचा, सळईवरून उतरवायचा आणि शेवटी छिद्राच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत करायच्या, असा त्या घरचा शिरस्ता. शिष्याचा हात सुरेख होता. त्याच्या काळ्या मण्यांत तोंड दिसे. छिद्र घासण्याचे काम मात्र त्याला हलके वाटे. ते दोऱ्याखेरीज पाहतो कोण, म्हणून तो ते गुपचूप टाळू लागला.

एके दिवशी एक व्यापारी तणतणत आला. त्याच्या नव्या सुनेच्या मंगळसूत्राची पोत याच मण्यांची होती आणि ती लग्नाच्या पंधराव्या दिवशी, भर पूजेत तुटली होती. ‘तुटली’ म्हणायचे नाही, ‘वाढली’ म्हणायचे, एवढी शब्दांची काळजी त्या घराला. सुनेची मात्र काडीची नाही. मुलीचा पायगुणच वाईट, उद्या तिला कायमची माहेरी पोचवतो, असे व्यापाऱ्याने सांगून टाकले. शिष्याने मान डोलावली. मणी तर निर्दोष आहेत, बाकी ज्याचे त्याचे नशीब, असेही तो वर म्हणाला.

वृद्धाचा चेहरा संतापाने लाल झाला. त्याने व्यापाऱ्याकडून ते मणी मागून घेतले, एकाच्या छिद्रावरून बोट फिरवून पाहिले आणि पंधरा दिवस सुनेला घरीच ठेवण्याचा शब्द घेतला. मग तेच मणी नव्या दोऱ्यात ओवून पोत शिष्याच्या गळ्यात घातली. पंधरा दिवस ती उतरवायची नाही, एवढेच बजावले.

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुरुषाच्या गळ्यात मंगळसूत्राचे मणी! गिऱ्हाइके हसत, पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावत. तीन वर्षे सेवा केली ती या विटंबनेसाठी का, असे धुमसत तो भट्टीचा भाता ओढत राहिला. गुरूला सोडून जायचे त्याने दोनदा ठरवले.

अकराव्या दिवशी भाता ओढता ओढता पोत आपसूक तुटली आणि मणी भट्टीजवळच्या राखेत विखुरले. वृद्धाने व्यापाऱ्याला बोलावून घेतले आणि त्याच्यासमोर शिष्याला विचारले, “आता सांग, तुझा पायगुण कसा आहे?”

वृद्धाने एका मण्याच्या छिद्रावरून शिष्याला बोट फिरवायला लावले. बोटाला काच टोचली.

“ही कड रोज थोडाथोडा दोरा कापत होती,” वृद्ध म्हणाला. “काम कच्चे राहिले, ते मीही पाहिले नाही. त्याचा राग नाही. कड घासता येते. पण आपल्या हाताची कसूर तू एका परक्या मुलीच्या माथी मारू दिलीस, आणि शेटजी, तुम्ही ती खुशाल मारलीत. अकरा दिवस लोक हसले, तर याला गुरू नकोसा झाला. तिला हे जन्मभर सोसायचे होते.”

व्यापारी खाली मान घालून निघून गेला. शिष्याने राखेतले मणी वेचले आणि दिवसभर बसून एकेक छिद्र घासले, मग ते पुन्हा दोऱ्यात ओवले. संध्याकाळी तो स्वतः व्यापाऱ्याच्या घरी गेला आणि ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, “चूक माझी होती.”

सुनेने पोत हातात घेतली. गळ्यात घालण्याआधी तिने एक मणी दोऱ्यावर जरासा सरकवून त्याच्या छिद्रावर नख फिरवून पाहिले, मग दुसऱ्याच्या. शिष्य उभाच होता. त्याला तिचा मुळीच राग आला नाही.